पालक शंभर टक्के सहमत, सभेला मात्र कोणी नाही: अभिवृत्ती श्रेणीतील होकार कसा वाचावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पीएच. डी.साठी तुम्ही एका तालुक्यातील सहा जिल्हा परिषद शाळांमधील ३०० पालकांकडून ‘शालेय कामकाजातील लोकसहभागाविषयीची अभिवृत्ती’, म्हणजे त्याकडे पाहण्याचा कल, मोजणारी पाच बिंदूंची श्रेणी (‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत) भरून घेतली. जवळपास प्रत्येक विधानापुढे पालकांनी ‘सहमत’ किंवा ‘पूर्णपणे सहमत’ अशीच खूण केली आणि विश्वसनीयता गुणांकही उत्तम आला. मात्र त्याच शाळांत शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांना आणि पालकसभांना मोजकीच माणसे येतात, आणि अभिवृत्तीचे गुण व उपस्थिती यांच्यात काही सहसंबंध दिसत नाही. नकारार्थी विधाने घालून त्याच शाळांतील आणखी २०० पालकांकडून श्रेणी भरून घ्यावी, असे मार्गदर्शकांनी सुचवले आहे. श्रेणी चुकली, पालक खोटे बोलले, की परिकल्पनाच, म्हणजे आधी मांडलेला अंदाजच, चुकीची होती, असे तुम्ही विचारले आहे.

या तिन्हींपैकी एकही उत्तर मला पुरेसे वाटत नाही. तुमच्या आराखड्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच मापात गोळा झाल्या आहेत: लोकसहभाग ही कल्पना पालकांना कशी वाटते, एखादी ठरावीक कृती स्वतः करण्याविषयी त्यांना काय वाटते, आणि ती कृती करणे त्यांच्या हातात कितपत आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मिळाले आणि ते बहुधा खरेही आहे. दुसरा आणि तिसरा प्रश्न तुम्ही विचारलेलेच नाहीत, आणि उपस्थितीचा संबंध आहे तो त्या दोघांशी. शिक्षणशास्त्रातील प्रबंध तपासताना आणि गावपातळीवरील सर्वेक्षणांत मला हीच परिस्थिती वारंवार दिसली आहे, त्यामुळे काम वाया गेले असे समजू नका. पुढे नेमके काय करता येईल हे मात्र काही गोष्टींवर अवलंबून आहे: प्रबंध सादर करण्यास किती अवधी उरला आहे, नोंदणीकृत शीर्षकात ‘अभिवृत्ती’ हा शब्द किती बांधून टाकणारा आहे, आणि त्या शाळांमध्ये पुन्हा जाण्याची परवानगी मिळेल का. शीर्षकात बदल करायचा तर विद्यापीठाच्या संशोधन समितीकडे जावे लागते, म्हणून मी शक्यतो शीर्षक न बदलता करता येईल असाच मार्ग सांगत आहे.

बोलणे आणि वागणे यांतील तफावत ही आपल्या गावांची खासियत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी १९३० ते १९३२ या काळात एका तरुण चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत मोठा प्रवास केला. तेव्हा तिथे चिनी लोकांविषयी उघड दूषित मत होते, तरीही अडीचशेच्या आसपास हॉटेलांत आणि खाणावळींत मिळून त्यांना केवळ एका ठिकाणी नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्राने प्रश्नावली पाठवून चिनी ग्राहक स्वीकाराल का असे विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी नाही म्हटले. हा अभ्यास १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उणिवा आहेत, कारण पत्राला उत्तर देणारा आणि प्रत्यक्ष दारात उभा असलेला माणूस एकच होता असे सांगता येत नाही. तरी त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. पत्रातला प्रश्न एका अमूर्त ‘चिनी ग्राहका’विषयी होता, तर दारात नीटनेटके कपडे घातलेली, हसतमुख आणि इंग्रजी बोलणारी दोन माणसे उभी होती. तुमच्याकडे दिशा उलटी आहे, म्हणजे शब्द अनुकूल आणि कृती गैरहजर. पण घोटाळा त्याच जागी आहे.

पुढे १९६९ मध्ये ॲलन विकर यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा अभिवृत्ती आणि वर्तन यांच्यातील सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) क्वचितच ०.३० च्या वर जातो, असे आढळले. अनेकांनी त्यावरून अभिवृत्ती मोजणेच निरर्थक आहे असा निष्कर्ष काढला, पण आइझेक आयझन आणि मार्टिन फिशबाइन यांनी वेगळे उत्तर दिले. अभिवृत्ती आणि वर्तन हे दोन्ही एकाच पातळीच्या नेमकेपणाने मोजले पाहिजेत. कृती कोणती, कशाबाबत, कोणत्या परिस्थितीत आणि केव्हा, हे दोन्हीकडे जुळले पाहिजे. याचा सर्वांत बोलका दाखला १९७९ च्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. डेव्हिडसन आणि जॅकार्ड यांनी विवाहित स्त्रियांची गर्भनिरोधनाविषयीची अभिवृत्ती मोजली आणि पुढील दोन वर्षांत गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रत्यक्ष वापर पाहिला. ‘गर्भनिरोधन’ या सर्वसाधारण विषयावरील अभिवृत्तीचा वापराशी सहसंबंध अवघा ०.०८ होता. प्रश्न ‘गोळ्या’ असा केला तेव्हा तो ०.३२ झाला, ‘गोळ्या वापरणे’ असा केला तेव्हा ०.५३, आणि ‘येत्या दोन वर्षांत गोळ्या वापरणे’ असा केला तेव्हा ०.५७. स्त्रिया त्याच आणि वर्तन तेच. बदलला तो प्रश्न.

आता तुम्ही पाठवलेली विधाने या दाखल्याशेजारी ठेवून पाहा. ‘शाळेच्या विकासात पालकांचा सहभाग आवश्यक आहे’, ‘शिक्षक आणि पालक यांनी एकत्र येऊन काम केले पाहिजे’, ‘शिक्षणामुळे गावाची प्रगती होते’. या वाक्यांना नाही म्हणणारा पालक महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याची स्वतंत्र मुलाखत घ्यावी. ज्या विधानाला सगळेच होकार देतात ते विधान माणसामाणसांत भेद करू शकत नाही, आणि भेदच नसेल तर दुसऱ्या कशाशीही सहसंबंध निघणार नाही, कारण सहसंबंधाला दोन्ही बाजूंना विचलन लागते. तुमची जवळपास सर्व उत्तरे श्रेणीच्या वरच्या टोकाला जाऊन अडकली आहेत. म्हणून ‘अभिवृत्ती आणि सहभाग यांच्यात संबंध नाही’ असा निष्कर्ष या आकड्यांवरून कृपया लिहू नका. ‘या मापाने संबंध तपासता आला नाही’ एवढेच म्हणता येते. विश्वसनीयता गुणांकावरही विसंबू नये. सर्व विधाने एकाच सुरातली असली आणि प्रतिसादकाने वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात खुणा करत नेल्या, तरी क्रोनबाख अल्फा, म्हणजे हाच गुणांक, चांगला येतो. विधाने एकमेकांशी जुळतात इतकेच तो सांगतो. ती काय मोजतात ते सांगत नाही. मौखिक परीक्षेत विश्वसनीयता (माप सुसंगत आहे का) आणि सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजले जाते का) यांतील फरक हमखास विचारला जातो, तो इथे अगदी प्रत्यक्ष दिसतो.

होकाराचे दुसरे कारण तुमच्याच वर्णनात आहे. श्रेणीचे कागद मुख्याध्यापकांनी मुलांच्या हाती घरी पाठवले, त्यावर पालकाचे आणि पाल्याचे नाव लिहायचे होते, आणि भरलेले कागद वर्गशिक्षकांनी गोळा केले. पालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. शाळेतून आलेला कागद, त्यावर आपल्या मुलाचे नाव, आणि प्रश्न शाळेविषयी. ज्या गुरुजींच्या वर्गात मूल रोज बसते, त्यांच्या हाती जाणाऱ्या कागदावर तो वेगळे काय लिहील? याला खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. समोरच्याचा मान राखून दिलेले ते उत्तर आहे. शिवाय ज्या घरात आईवडिलांना लांब वाक्ये वाचायची सवय नाही, तिथे असे कागद सातवी-आठवीतले मोठे भावंडच भरते. एखाद्या गठ्ठ्यातील अक्षर आणि पेन नीट पाहिलेत तर हे लगेच लक्षात येईल, आणि ते प्रबंधात नोंदवण्यासारखे आहे.

मार्गदर्शकांच्या सूचनेबद्दल बोलायचे तर तिचा पहिला भाग अर्धा बरोबर आहे. सरसकट होकाराची सवय ओळखण्यासाठी काही विधाने उलट्या बाजूने असावीत, हे मान्यच आहे. पण आपल्याकडे ती बनवताना सरळ वाक्यात ‘नाही’ घुसवले जाते, आणि ‘पालकांनी शाळेच्या कामात लक्ष घालण्याची गरज नाही’ या वाक्याला ‘असहमत’ म्हणजे नेमके काय, हे ठरवताना शिकलेला माणूसही क्षणभर थांबतो. तोंडी विचारले तर गोंधळ आणखी वाढतो. त्यापेक्षा उलट बाजूचे मतही पटण्याजोगे, मानाने घेता येण्याजोगे असावे. ‘शिकवणे हे शिक्षकांचे काम आहे, त्यात पालकांनी ढवळाढवळ करू नये’ हे वाक्य सकारण आहे, अनेक पालकांना मनापासून तसे वाटते, आणि त्याला होकार देताना कोणालाही ओशाळे वाटत नाही. दोन्ही मते प्रतिष्ठित असली की माणसे खरोखर विभागली जातात.

दुसरा भाग, म्हणजे त्याच सहा शाळांतून आणखी २०० पालक घेणे, मला मुळीच पटत नाही, आणि त्याचे गणित एकदा करून पाहण्यासारखे आहे. एकाच शाळेतील पालक एकमेकांसारखे असतात: गाव एक, मुख्याध्यापक एक, शाळेचा अनुभवही एक. त्यामुळे ३०० पालक म्हणजे ३०० स्वतंत्र मते नव्हेत. शाळेअंतर्गत सारखेपणाचा गुणांक समजा ०.१ धरला आणि शाळेमागे ५० पालक असले, तर अंदाजाचे प्रचरण (variance) १ + (४९ × ०.१), म्हणजे ५.९ पटीने फुगते आणि तुमचा ३०० चा नमुना साधारण ५१ स्वतंत्र पालकांइतकीच माहिती देतो. त्याच शाळांत आणखी २०० पालक वाढवले तर शाळेमागे सुमारे ८३ होतील, फुगवटा ९.२ च्या पुढे जाईल आणि स्वतंत्र माहिती ५४ पालकांइतकी होईल. दोनशे कागदांचे श्रम करून पदरात पडले तीन पालक. याउलट तेच ३०० पालक बारा शाळांतून २५-२५ घेतले असते, तर ती माहिती ८८ पालकांइतकी झाली असती. ०.१ हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. तुमचा गुणांक तुमच्याच आकडेवारीतून काढता येईल आणि तो काढून मार्गदर्शकांसमोर ठेवावा. शाळा वाढवणे शक्य असेल तर जरूर वाढवा. त्याच शाळांतले पालक वाढवू नका.

इथवरचे सांगणे मापाविषयी होते: विधाने सर्वमान्य तत्त्वांची आहेत, कागद शाळेच्या हातून गेले, आणि नमुना दिसतो त्यापेक्षा लहान आहे. पण माप सुधारले तरी ‘सहभाग’ म्हणजे नेमके काय मोजायचे हे ठरत नाही, आणि मला खरी अडचण तिथे दिसते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील बालकांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे, आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे ही तिची कामे आहेत. आता हिशेब करा. बारा जणांची समिती असेल तर तीत नऊ पालक असतात, आणि सहा शाळांत मिळून चोपन्न. तुमच्या ३०० पालकांपैकी बहुतेकांना समितीच्या बैठकीला बसण्याचा अधिकारच नाही. त्यांची जागा पालकसभेत आहे आणि ती वर्षातून मोजक्या वेळा भरते. मग समितीच्या बैठकांतील अल्प उपस्थिती हा त्या ३०० जणांच्या अनास्थेचा पुरावा कसा होईल? सदस्य पालक आणि इतर पालक हे दोन वेगळे गट धरावेत, त्यांना वेगळे प्रश्न विचारावेत आणि त्यांचे आकडे एकत्र मिसळू नयेत.

सहभागाचे प्रकारही एका बेरजेत घालू नयेत, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे शाळेसाठी वर्गणी देण्याची परंपरा जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे घराघरातून आलेल्या मूठमूठ धान्यावरही चालली. अलीकडे २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यानंतर लोकवर्गणीतून टॅब, प्रोजेक्टर आणि रंगवलेल्या भिंती मिळालेल्या जिल्हा परिषद शाळा तुम्हीही पाहिल्या असतील. तुमच्या सहा गावांतही वर्गणी आणि श्रमदान झाले असेल. पण प्रोजेक्टरसाठी हजार रुपये देणारा पालक ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून शाळेला मिळणाऱ्या अनुदानाचा हिशेब विचारतोच असे नाही, आणि पुष्कळदा हिशेब विचारायला नको म्हणूनच वर्गणी दिली जाते. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांना नुसते वळवून घेणे आहे, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे आणि सल्ला घेणे आहे, आणि वर प्रत्यक्ष निर्णयाचा अधिकार आहे. ती शिडी अमेरिकी शहरांतील नागरी योजनांसाठी होती, त्यामुळे जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. पण देणे, हजर राहणे, बोलणे, ठरवणे आणि जाब विचारणे या पाच कृती वेगळ्या आहेत एवढे तिच्यावरून घ्यावे. ‘सहभाग निर्देशांक’ म्हणून त्यांची बेरीज केली की भरपूर वर्गणी देणारे आणि एकही प्रश्न न विचारणारे गाव सर्वांत सहभागी ठरते.

पालक हजर का राहत नाहीत याचे उत्तर माझ्या समजुतीने बहुधा तिसऱ्या गोष्टीत, म्हणजे हाती असलेल्या ताकदीत आहे. आयझन यांनी १९९१ मधील मांडणीत वर्तनाच्या हेतूमागे तीन घटक मानले: त्या कृतीविषयीची अभिवृत्ती, जवळच्या माणसांची आपल्याकडून असलेली अपेक्षा, आणि ती कृती आपल्याला जमेल, ती आपल्या हातात आहे हा विश्वास. शेवटचा घटक आपल्याकडच्या प्रबंधांत जवळजवळ नसतोच.

त्याचे महत्त्व जाणून घ्यायचे असेल तर उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ संस्थेबरोबर झालेला प्रयोग पाहावा. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो २००५-०६ मध्ये केला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केला. तिथे तेव्हा ग्राम शिक्षण समित्या होत्या. आरंभीच्या सर्वेक्षणात नव्वद टक्क्यांहून अधिक पालकांना अशी समिती अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हते, आणि काही सदस्यांना आपण सदस्य आहोत याचा पत्ता नव्हता. काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावले गेले. काहींत त्याशिवाय मुलांचे वाचन तपासण्याचे सोपे साधन गावकऱ्यांच्या हाती दिले गेले. आणि काहींत या दोन्हींबरोबर गावातील तरुण स्वयंसेवकांना मुलांचे वाचनवर्ग घेण्याचे प्रशिक्षण दिले गेले. सरकारी शाळेच्या कारभारातील लोकांचा सहभाग तिन्ही प्रकारांत वाढला नाही. वाचनवर्ग मात्र गावोगाव उभे राहिले, आणि तिथे येणाऱ्या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. गाव अनास्थेने भरलेले असते तर हे वर्गही झाले नसते. जिथे आपण स्वतः काही करू शकतो आणि त्याचे फळ डोळ्यांना दिसते, तिथे लोक पुढे आले. जिथे शिक्षकाची बदली, रजा किंवा अनुदान वरच कुठेतरी ठरते असा त्यांचा अनुभव होता, तिथे ते गेले नाहीत. हा निष्कर्ष तुमच्या तालुक्याला आपोआप लागू होत नाही, कारण त्या समित्यांची रचना वेगळी होती आणि काळ कायद्याच्या आधीचा होता. पण कोणता प्रश्न विचारायला हवा हे त्यातून कळते.

नमुन्याविषयी आणखी दोन गोष्टी. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये दाखवले की एखाद्या संस्थेवर नाराज झालेल्या माणसापुढे दोन वाटा असतात, आवाज उठवणे किंवा सोडून जाणे. शाळेबाबत सर्वाधिक जागरूक आणि नाराज पालकांनी मूल आधीच पिवळ्या बसमध्ये बसवून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाठवले असेल, तर तुमच्या नमुन्यात ते येणारच नाहीत, आणि उरलेल्यांच्या मतांवरून ‘गावाची अभिवृत्ती’ सांगता येणार नाही. दुसरी गोष्ट हंगामाची. तुमचा तालुका ऊसतोड मजुरांच्या पट्ट्यातला आहे आणि कागद तुम्ही जानेवारीत भरून घेतले. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेली कुटुंबे त्या वेळी साखर कारखान्यांच्या परिसरात असतात आणि मुले एकतर त्यांच्याबरोबर किंवा हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांकडे असतात. म्हणजे ज्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न सर्वांत कठीण, नेमके तेच पालक गाळले गेले, किंवा त्यांच्या जागी आजोबांनी उत्तरे दिली.

आता दुसरी फेरी. मी तुमच्या जागी असतो तर श्रेणी पुन्हा भरून घेण्याऐवजी सर्व सदस्य पालक आणि इतर पालकांपैकी पन्नाससाठ जण निवडून, शाळेबाहेर, शक्यतो त्यांच्या घरी, संध्याकाळी, नाव न लिहिता, ठरलेल्या प्रश्नांची तोंडी मुलाखत घेतली असती. इतर पालकांत आया निम्म्या असाव्यात, कारण सभेला येण्याचे काम पुष्कळ घरांत आईकडे आणि बोलण्याचे काम वडिलांकडे असते. मुलाखत घेणारा त्या शाळेचा शिक्षक नसावा. स्त्रियांशी बोलायला स्त्री असेल तर उत्तरे लांब येतात. पाच बिंदू तोंडी विचारू नयेत. आधी ‘पटते की नाही पटते’ आणि मग ‘थोडे की पूर्ण’ असे दोन टप्प्यांत विचारले की तीच श्रेणी सहज मिळते.

प्रश्नांची सुरुवात मतांनी न करता घडलेल्या गोष्टींनी करावी. मागच्या दिवाळीनंतर तुम्ही शाळेत शेवटचे केव्हा गेलात, कशासाठी गेलात, कोणी बोलावले होते, कोणाशी बोललात, बसायला मिळाले का, आणि जे विचारायला गेला होता ते विचारलेत का. ‘गेल्या सहा महिन्यांत किती वेळा’ या प्रश्नावर लोक अंदाजाने आकडा सांगतात. पोळा, दिवाळी, संक्रांत किंवा गावची जत्रा अशा खुणा दिल्या की आठवण पक्की होते. मग नेमक्या कृतीविषयीची अभिवृत्ती विचारावी, आणि त्या कृतीची किंमत प्रश्नातच घालावी: ‘पुढची पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला असेल तर एक दिवसाचा रोज बुडवून जाणे योग्य वाटते का?’ त्यानंतर ताकदीविषयी: ‘सभेत खर्चाचा हिशेब विचारला तर मिळेल असे वाटते का?’, ‘विचारणाऱ्याच्या मुलावर राग निघतो अशी भीती लोकांना वाटते का?’ हा शेवटचा प्रश्न मुद्दाम ‘लोकांना’ असा ठेवला आहे. स्वतःची भीती कबूल करण्यापेक्षा इतरांची सांगणे सोपे जाते, आणि उत्तर बहुतेक वेळा स्वतःचेच असते. शेवटी जवळच्यांविषयी: घरच्यांना, शेजाऱ्यांना, आपल्या वस्तीतल्या माणसांना तुम्ही सभेत बोललेले आवडेल का. गावठाणापासून दूर असलेल्या वस्तीत किंवा तांड्यावर हा प्रश्न सर्वांत जास्त बोलका ठरतो.

मुलाखतींच्या जोडीला समितीच्या बैठकांची इतिवृत्त नोंदवही हवीच, पण तिच्यावर आंधळा विश्वास नको. सह्या पुष्कळदा बैठकीनंतर घरोघरी जाऊन घेतल्या जातात, आणि महिला सदस्याच्या नावापुढे पतीने केलेली सही तर नेहमीचीच. म्हणून नुसती उपस्थिती मोजण्यापेक्षा ठराव वाचावेत. प्रत्येक ठरावाला सूचक कोण आणि अनुमोदक कोण हे वर्षभराचे मांडून पाहावे. तीच दोन नावे आलटून पालटून येत असतील तर समिती प्रत्यक्षात किती जणांची आहे ते कळते. ठरावांचे विषय कोठून आले, मागच्या ठरावाचे काय झाले याची नोंद पुढच्या बैठकीत आहे का, आणि एखादा विषय पालकाने मांडला असे कुठे लिहिले आहे का, हेही पाहावे. शक्य झाल्यास एका तरी बैठकीला कोपऱ्यात बसून कोण किती वेळा बोलले याच्या खुणा करा. मुख्याध्यापकांना अभ्यासाचा हेतू आधी सांगा, मात्र कोणत्या पालकाने काय सांगितले हे त्यांना कधीही कळता कामा नये.

हाती असलेले ३०० कागद टाकून द्यायचे नाहीत. जवळपास सगळे एकमताने होकार देतात हाच निष्कर्ष आहे: लोकसहभागाचे तत्त्व त्या गावांत सर्वमान्य आहे, त्यामुळे ते पटवून देण्यासाठी प्रबोधन शिबिरे घ्यावीत ही आपल्या प्रबंधांच्या शेवटी हमखास येणारी शिफारस तुमच्या आकड्यांवरून निराधार ठरते. मग ज्या दोनचार विधानांवर उत्तरे पसरली आहेत ती वेगळी काढा. तुमच्या तक्त्यात ‘समितीच्या सूचनांची शाळा दखल घेते’ या विधानापुढे ‘तटस्थ’ आणि कोऱ्या जागा इतरांपेक्षा ठळकपणे जास्त आहेत. नाराजी लिहायची नाही आणि होकारही द्यायचा नाही, अशा पालकाने जागा कोरी सोडली असावी. दुसऱ्या फेरीचे अर्धे प्रश्न त्या एका विधानाभोवती बांधता येतील. विश्लेषण करताना विधाननिहाय भेदक्षमता (ते विधान माणसामाणसांत फरक दाखवते का) तपासून निकामी विधाने गाळा, आणि तुलना पालकापालकांत न करता शाळाशाळांत करा. मात्र सहा शाळांवर सार्थकतेच्या (दिसणारा फरक योगायोगाचा आहे का हे पाहणाऱ्या) चाचण्या चालवण्यात अर्थ नाही, तिथे सहा शाळांचे सहा नीट लिहिलेले वर्णन अधिक उपयोगी पडेल.

मार्गदर्शकांशी बोलताना श्रेणी फसली असे सांगू नका. पहिल्या टप्प्यात श्रेणीने काय दाखवले, ती कोणत्या कारणाने वरच्या टोकाला अडकली, आणि त्यामुळे दुसरा टप्पा का आवश्यक झाला, हे तिसऱ्या प्रकरणात क्रमाने लिहा. नमुन्याचे वरचे गणित तुमच्या स्वतःच्या गुणांकासह एका पानावर न्या. ते दोनशे कागद गोळा करायला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात पन्नाससाठ मुलाखती आणि सहा नोंदवह्या होतात. मुलाखती ऊसतोडीची कुटुंबे परतल्यावर, साधारण गुढीपाडव्यानंतर आणि उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वी ठेवा. त्याच काळात बहुतेक पालक गावात भेटतील आणि नोंदवह्या पाहण्यासाठी शाळाही उघडी असेल.